बालाघाटातून जाताना : करडांचे पोट आणि बाटलीतले औषध

वाचकहो, बीड जिल्ह्याचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : दुष्काळ आणि ऊसतोड. पण हा जिल्हा सावकाश, वाड्यावस्त्यांवर थांबत पाहिला, तर तिसरी गोष्ट दिसते. ती म्हणजे दारात बांधलेली काळी शेळी. दिवाळीनंतरच्या आठवड्यात आष्टीकडून अंबाजोगाईपर्यंत जाण्याचा योग आला. चला, तुम्हीही माझ्याबरोबर. वाटेत डोंगर पाहू, नद्या पाहू आणि जाता जाता एका प्रश्नाची उकलही करू. करडाला, वासराला किंवा डुकराच्या पिलाला हगवण लागली की आपला हात पहिल्यांदा औषधाच्या बाटलीकडेच का जातो? आणि बाटलीच्या आधी करण्यासारखे आपल्या हातात काय काय असते?

मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. म्हणून इंजेक्शन कोणते आणि किती, हे मी सांगणार नाही. ते काम डॉक्टरांचे. मी सांगणार आहे ते गोठ्यातले, चुलीजवळचे आणि घरच्या बाईच्या हातातले.

आष्टी-पाटोद्याचा माळ

कडा, आष्टी मागे टाकून पाटोद्याकडे निघालो की बालाघाटाचे पठार लागते. मुरमाड जमीन, मधूनच ज्वारीचे पट्टे, बांधावर बोर, बाभूळ आणि सीताफळ. मांजरा नदी याच पाटोदा तालुक्यात उगम पावते. पुढे लातूर-नांदेडकडे जाऊन मोठी होणारी ही नदी इथे ओढ्याएवढीच दिसते. सौताड्याला रामेश्वराजवळ विंचरणा नदीची धार खोल दरीत कोसळते, आणि नायगावच्या अभयारण्यात मोर नाचतात. पण पाणी सगळे पावसाळ्यापुरते. अशा मुलखात गायीपेक्षा शेळी परवडते. झाडपाल्यावर जगते, थोडे पाणी पिते, आणि अडीअडचणीला बाजारात नेली की रोख पैसा देते. गरिबाची गाय तिला उगीच म्हणत नाहीत.

इथली शेळी उस्मानाबादी जातीची. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, पण जातीचे नाव उस्मानाबादीच राहिले आहे. अंगाने काळी, लांब कानांची आणि जुळी देण्यात तरबेज. जुळी झाली की घरात आनंद होतो, आणि खरी परीक्षाही तिथेच सुरू होते. दोन-अडीच किलोचे ते जीव. पठारावर कार्तिकात पहाटे गारठा पडतो. आठ दिवसांत एक करडू गेले तर अर्धा नफा गेला, आणि दोन्ही गेली तर शेळीने वर्षभर खाल्लेला पाला फुकट गेला. मुलीच्या शाळेची फी, दिवाळीचा किराणा, दवाखान्याचा खर्च, हे सगळे त्या दोन करडांवर टांगलेले असते.

एका वस्तीवर शेळी नुकतीच व्यायली होती. करडे उभी राहून आचळ शोधत होती आणि म्हातारी आजी त्यांना बाजूला सारत होती. विचारले तर म्हणाली, "वार पडू द्या अगोदर. वार पडायच्या आत चीक पाजला तर बाधतो." ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे, गायी-म्हशींच्या बाबतीतही आहे. ती सोडून द्या, एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहिला असे समजलात तरी चालेल.

कारण ऐका. माणसाचे मूल आईच्या पोटातच रोगाशी लढण्याचे थोडे बळ घेऊन येते. करडू, वासरू, डुकराचे पिल्लू यांचे तसे नाही. त्यांच्या आईच्या रक्तातले ते बळ वारेतून पिलाकडे जात नाही. ते सगळे चिकात उतरते. म्हणजे करडू जन्मते तेव्हा निःशस्त्र असते आणि चीक हेच त्याचे पहिले शस्त्र. शिवाय हे शस्त्र आतड्यातून रक्तात जाण्याचा दरवाजा फार थोडा वेळ उघडा असतो. पहिले सहा तास तो चांगला उघडा, नंतर हळूहळू मिटत जातो आणि साधारण एका दिवसात बंद होतो. वार पडायला कधी चार, कधी सहा तास लागतात. तेवढा वेळ वाट पाहिली, तर चिकाचा बराच लाभ गेला. उलट करडाने आचळ चोखले की शेळीच्या पिशवीला कळा येतात आणि वार पडायला मदतच होते.

हिशेब सोपा आहे. वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जावा. दोन किलोच्या करडाला २०० मिलिलिटर, म्हणजे साधारण चहाचे दोन कप, तीन-चार वेळा विभागून. वीस किलोच्या वासराला दोन लिटर. पहिला घोट अर्ध्या ते एक तासात. खरवस कुणाला आवडत नाही? पण आधी वासराचे पोट भरू द्या, मग उरलेल्याची वडी करा. शेळी दगावली असेल तर दुसऱ्या व्यायलेल्या शेळीचा चीक पाजा, तोही नसेल तर गायीचा चालतो. आणि नाळेला टिंक्चर आयोडीन लावायला विसरू नका, कारण पोटात शिरणारा रोग कधी कधी नाळेच्या वाटेनेही येतो.

गंगथडीची ओल

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीड गाठले. बिंदुसरेच्या काठचे हे शहर. इथली खजाना विहीर निजामशाहीच्या काळापासून उन्हाळ्यातही पाणी राखून आहे. पुढे गेवराई, माजलगाव. इथे मुलूखच बदलतो. गोदावरीचा काठ, काळी खोल जमीन, पैठणच्या जायकवाडीचा उजवा कालवा, आणि सिंदफणेवरचे माजलगावचे धरण. कापसाची वेचणी चालली होती, उसाचे फड उभे होते. माळावरच्या माणसाला हेवा वाटावा असे हिरवे रान.

पण करडांच्या दृष्टीने या हिरवाईला दुसरी बाजूही आहे. माळावर मुरूम असतो, पाणी निचरून जाते. इथे काळी माती, गोठ्यात ओल, कडेला चिखल. हगवणीचे जंतू आणि जंतांची अंडी ओलीत जगतात, कोरड्यात मरतात. एका गोठ्यात सात करडे एकाच ओल्या कोपऱ्यात डालग्याखाली झाकलेली होती. तिघांच्या शेपट्या माखलेल्या. मालक सांगत होता, की औषधाच्या दुकानातून बाटली आणली, दोन दिवस पाजली, बरी वाटली म्हणून उरलेली ठेवून दिली; आता तीच पुन्हा काढली, तर गुणच येईना.

वाचकहो, हे नीट समजून घ्या. बाटलीत असते ते प्रतिजैविक, आपण ज्याला अँटिबायोटिक म्हणतो. ते जंतू मारते. अर्धवट दिले तर कच्चे जंतू मरतात आणि पक्के उरतात. उरलेल्यांची वीण वाढते, आणि पुढच्या वेळी तेच औषध त्यांना पाण्यासारखे होते. तणनाशक एकाच प्रकारचे वर्षानुवर्षे आणि कमी मात्रेत मारले की जे तण उरते ते पुढे मरतच नाही, तसेच.

दुसरे असे की प्रत्येक हगवण जंतूंची नसतेच. पहिल्या आठवड्यातली पांढरी-पिवळी हगवण बहुधा जंतूंची किंवा विषाणूंची असते, आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. तीन आठवड्यांच्या पुढे काळसर, चिकट, कधी रक्त पडणारी हगवण लागली तर ती बहुधा रक्ती हगवण. ती एका सूक्ष्म परजीवीमुळे होते. त्याचे औषध वेगळे असते आणि ते डॉक्टरच देतात. पोट मोठे, अंग खडबडीत आणि शेण पातळ, तर जंत पाहा. कधी कधी नुसते दूध जास्त झालेले असते, किंवा दूध देण्याची वेळ रोज बदलत असते. चार रोगांना एक बाटली कशी पुरेल?

हिरव्या रानाचा एक खास रोग म्हणजे आंत्रविषार. पहिल्या पावसानंतर कोवळे लुसलुशीत गवत पोटभर खाल्ले की आतड्यातले जंतू एकाएकी वाढून विष तयार करतात. संध्याकाळी ठणठणीत असलेले करडू सकाळी मेलेले सापडते. इथे बाटली आणायलाही वेळ मिळत नाही. उपाय एकच, पावसाळ्यापूर्वी लस. पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात लस दिली तर तिच्या चिकातून करडांनाही संरक्षण मिळते. पाहा, पुन्हा गाडी चिकावरच आली.

डुकराच्या पिलाने जगाला शिकवलेले

एका बाजारगावच्या कडेला डुकरे पाळणाऱ्यांची चार घरे होती. डुकराचे नाव काढले की आपण नाक मुरडतो. पण या घरांचा चरितार्थ त्यावर चालतो, आणि आजच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर जगाला डुकराच्या पिलांनीच शिकवले आहे.

परदेशात मोठमोठ्या वराहगृहांत पिल्ले तीन-चार आठवड्यांची झाली की आईपासून तोडतात. एका दिवसात आई गेली, दूध गेले, जागा बदलली, अनोळखी पिल्ले शेजारी आली आणि समोर कोरडे खाद्य आले. पिलाच्या पोटात आम्ल अजून पुरते तयार होत नसते. दुधातल्या साखरेपासून उपकारक जंतू जे आम्ल करत, तेही थांबते. मग घातक जंतूंना मोकळे रान मिळते आणि हगवण लागते. यावर तिकडे अनेक वर्षे खाद्यातच अँटिबायोटिक मिसळत. पिल्ले वाढतही भराभर. पण जंतू निर्ढावले.

१९८६ साली स्वीडनने वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालण्यावर बंदी आणली. सुरुवातीला पिलांची हगवण वाढली, शेतकरी अडचणीत आले. मग त्यांनी गोठा बदलला : पिल्ले उशिरा तोडली, खाली कोरडे काड घातले, खाद्य बदलले. हळूहळू गाडी रुळावर आली. १९९९ च्या अखेरीपर्यंत डेन्मार्कनेही ती पद्धत सोडली, आणि १ जानेवारी २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात बंदी आली. काहींनी मग औषधाच्या मात्रेत झिंक ऑक्साइड वापरायला सुरुवात केली. तेही जमिनीत साठते म्हणून जून २०२२ मध्ये तिथे थांबवण्यात आले.

त्यांनी काय केले, ते आपल्या भाषेत सांगतो. आईचे दूध चालू असतानाच, दुसऱ्या आठवड्यापासून पिलांना थोडे थोडे मऊ खाद्य चाखायला द्यायचे. दूध एकदम तोडायचे नाही. खाद्यात पेंड-प्रथिने गरजेपेक्षा जास्त ठेवायची नाहीत, कारण न पचलेली प्रथिने आतड्यात सडतात. पाण्यात किंवा खाद्यात सायट्रिक आम्लासारखे सौम्य आम्ल ठरलेल्या मात्रेत द्यायचे. दुधाचे दही करणाऱ्या जंतूंच्या जातीचे उपकारक जंतू आणि यीस्ट द्यायचे. आणि सर्वांत आधी ऊब व कोरडी जागा. नवजात पिलाला ३०-३२ अंश सेल्सिअसची ऊब लागते. कार्तिकातल्या पहाटे ती आपोआप मिळत नाही.

त्या चार घरांतल्या एका बाईने हे न वाचताच निम्मे साधले होते. पिल्ले आठ आठवडे आईपाशी, खाली पाचट, आणि कोपऱ्यात फक्त पिलांनाच शिरता येईल अशी फट ठेवून आत कण्या-भुशाची पातळ पेज. एवढे मात्र तिला सांगितले, की फरशीवरच्या पिलांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टरांकडून लोहाचे इंजेक्शन घ्यायला हवे, आणि हॉटेलातले खरकटे उकळल्याशिवाय घालू नये. डुकरांचा आफ्रिकन ताप आपल्या देशात २०२० साली आला, आणि तो खरकट्यातूनही पसरतो.

फडाकडे जाणाऱ्या गाड्या

तेलगाववरून धारूरचा घाट चढताना गाड्यांची रांग लागली. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या, काही ट्रॅक्टरवर, काही बैलगाडीवर. कोपीचे सामान, पाण्याची घागर, लहान मूल, आणि गाडीच्या मागे बांधलेली शेळी. गाडीत पोत्यावर दोन करडे. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर ही करडे चार-पाच महिने काढणार. मुकादमाची उचल फिटेल तेव्हा फिटेल, पण ही करडे जगली तर परतताना हातात काहीतरी राहील.

या भगिनींना माझे सांगणे आहे. प्रवासाच्या आठवड्यात करडाचे दूध तोडू नका, खुराक बदलू नका. एका वेळी एकच बदल. फडावर पोचल्यावर वाढे भरपूर मिळतात, पण ते मोठ्या जनावरांचे खाद्य. करडाला बाभूळ, बोर, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला जुडी बांधून टांगा. टांगलेला पाला मातीत मळत नाही, जंतांची अंडी पोटात जात नाहीत. बाभळीच्या पाल्यातला तुरटपणा आतड्याला मानवतो आणि जंतांनाही थोडा आवर घालतो. कोपीशेजारी करडांची जागा उंचवट्यावर करा, खाली पाचट घाला, आणि ते ओले झाले की बदला. चुना भुरभुरला तर उत्तमच.

आणि हगवण लागलीच तर? करडू हगवणीने मरते ते बहुतेक वेळा अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. म्हणून पहिले औषध म्हणजे पाणी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त नको. करडाला एका वेळी ५० ते १०० मिलिलिटर, दिवसातून पाच-सहा वेळा. वासराला अर्धा ते एक लिटर, तीन-चार वेळा. आईचे दूध बंद करू नका. थोडे थोडे, अंतराने पाजा. करडाची मान फार वर करून नरड्यात ओतू नका, ठसका लागून पाणी फुफ्फुसात जाते. पडून राहिलेल्या, गिळता न येणाऱ्या करडाला तोंडाने काहीच देऊ नका. त्याला डॉक्टरच हवेत.

ताकाचे काय, हळदीचे काय, असे अनेक जण विचारतात. ताज्या गोड ताकात उपकारक जंतू असतात, आणि पाला खाऊ लागलेल्या करडाला दोन-चार चमचे ताक द्यायला हरकत नाही. जिरे, मेथी, हळद, कढीपत्ता यांच्या परंपरागत कृती राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेही गायी-म्हशींसाठी प्रसिद्ध केल्या आहेत. पण त्या मात्रा मोठ्या जनावरांच्या आहेत. चार दिवसांच्या करडावर त्यांचा प्रयोग नको. त्याच्यासाठी चीक, दूध, ऊब आणि साखर-मिठाचे पाणी हेच पुरेसे.

अंबाजोगाईला पोचलो

केजवरून अंबाजोगाई आली. योगेश्वरीचे आणि मुकुंदराजांचे गाव. इथे महामंडळाचे शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे, आणि ग्रामीण भागासाठी सुरू झालेले स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एका गावात करडांचे आणि माणसांचे, दोन्हींचे आरोग्य. या दोघांचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा जवळचा आहे.

कोलिस्टिन नावाचे एक अँटिबायोटिक आहे. माणूस अत्यवस्थ झाला आणि बाकीची औषधे हरली, की डॉक्टर ते शेवटचे म्हणून काढतात. हेच औषध डुकरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास घातले जाई. २०१५ साली चीनमध्ये डुकरांच्या अंगात असे जंतू सापडले, की ज्यांना कोलिस्टिन बाधत नाही आणि जे हा गुण शेजारच्या जंतूंनाही देऊ शकतात. आपल्या सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली. म्हणजे गोठ्यातला प्रश्न दवाखान्यातल्या खाटेपर्यंत जातो. करडाला अर्धवट दिलेल्या बाटलीतून जो जंतू पक्का झाला, तो शेण काढणाऱ्या हातावरून, दूध काढणाऱ्या भांड्यावरून घरातल्या लेकरापर्यंत पोचू शकतो. त्या दिवशी डॉक्टरांच्या हातात तरी काय उरणार?

म्हणून अँटिबायोटिक वाईट, असे मात्र समजू नका. वेळेला ते जीव वाचवते. करडाचे अंग तापले, शेणात रक्त आले, डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी लवकर जागेवर येईना, किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर वाट पाहू नका. पशुवैद्यकीय दवाखाना गाठा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. डॉक्टरांनी औषध दिले तर सांगितले तितके दिवस पुरे करा. शेजाऱ्याची उरलेली बाटली आणू नका, आपली देऊ नका. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या शेळीचे-गायीचे दूध घरात किंवा डेअरीत घालू नका. आणि पाला खाऊन रवंथ करणाऱ्या मोठ्या शेळीला असे औषध तोंडाने तर मुळीच पाजू नका. तिच्या पोटातले चारा पचवणारे जंतूच त्याने मरतात.

भिंतीवर लिहून ठेवा

चीक एका तासात, वार पडण्याची वाट न पाहता. नाळेला आयोडीन. जागा कोरडी, उबदार, मोठ्या जनावरांपासून वेगळी. दूध वेळेवर आणि बेताने. पाला तिसऱ्या आठवड्यापासून, टांगून. दूध हळूहळू तोडणे. वासराला पहिले जंताचे औषध सात ते दहा दिवसांत, करडाला डॉक्टरांच्या सल्ल्याने. लस पावसाळ्यापूर्वी. हगवण लागली की आधी साखर-मिठाचे पाणी, मग डॉक्टर, आणि डॉक्टर सांगतील तरच बाटली.

यात खर्चाचे फारसे काही नाही. लागते ते लक्ष, आणि ते आपल्या घरातल्या आयाबाया वर्षानुवर्षे देत आल्या आहेत. बालाघाटात यंदाही शेळ्या वितील, जुळी होतील. पहिल्या तासाला चीक तेवढा पाजा.